पटाचा दिवस

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुन्या जालन्यात मस्तगड नावाची जी गढी आहे, तिच्यावरील फारसी लेख तिच्या उभारणीचे साल १७२५ असे देतो. म्हणजे साखरखेर्ड्याच्या रणात मुबारिझखानाचा पाडाव करून निजामुल्मुल्क आसफजाहने दख्खनच्या सुभ्यावर आपली मांड पक्की केली, त्या १७२४ सालानंतर वर्षभराच्या आतबाहेर हे काम सिद्धीस गेले. ज्या शहरात अकबराच्या दरबारातील अबुल फजलाचे काही काळ वास्तव्य होते अशी परंपरा सांगते, आणि ज्याच्या पेठांतील संपत्तीची कीर्ती ऐकून शिवाजी महाराजांनी १६७९ साली, आपल्या अखेरच्या मोहिमांपैकी एका मोहिमेत, ज्याच्यावर झडप घातली, त्या शहराच्या बंदोबस्तासाठी नव्या सत्ताधीशाला अशी एखादी गढी आवश्यक वाटली असेल तर त्यात नवल नाही. नवल वाटते ते पुढच्या कथेचे. फौज गेली, तोफा गेल्या, काळाच्या ओघात निजामीही गेली, आणि गढीत नगरपालिकेचे दप्तर येऊन बसले. जेथे दारूगोळ्याचा हिशेब राहत असेल तेथे घरपट्टीचा राहू लागला. प्रयोजन सरले तरी वास्तू टिकते, कारण तिला भिंती असतात, आणि भिंती शाबूत असल्या की कोणते तरी सरकार त्यांच्या आत कोणी तरी कारकून बसवतेच.

शर्यतीच्या मैदानाची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. त्याला भिंत नसते, छप्पर नसते, आणि खेड्यापाड्यांत तर पुष्कळदा एक मालकही नसतो. वर्षभर ते कोणाचे तरी पडीक रान, गावाचे गायरान किंवा हरभरा निघून गेलेले वावर असते, आणि जत्रेच्या एकदोन दिवसांपुरते ते मैदान होते. त्याचे अधिष्ठान जमिनीपेक्षा पंचांगात अधिक असते. म्हणून ज्या मैदानाचा ठरलेला दिवस जातो, ते मैदान सरकारजमा होत नाही, पडत नाही, जळत नाही. ते केवळ पुन्हा रान होते, आणि दोनचार वर्षांनी तेथून जाणाऱ्या वाटसरूला येथे काही होते असे सांगूनही खरे वाटत नाही. जालना आणि त्याच्या आसमंताने हे दोनदा पाहिले आहे: एकदा घोड्यांच्या बाबतीत, आणि दुसऱ्यांदा, अगदी आपल्या डोळ्यांदेखत, बैलांच्या बाबतीत.

घोड्यांची हकीकत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे. १८०३च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालना घेतले, आणि पुढे निजामाच्या मुलखात ठेवलेल्या इंग्रजी फौजेचे ते एक प्रमुख ठाणे झाले. १८२७च्या सुमारास छावणीच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. कंपनीच्या पलटणी जेथे वर्षानुवर्षे तळ देऊन राहत, तेथे कवायतीच्या मैदानापाठोपाठ गिरिजाघर आणि गिरिजाघरापाठोपाठ शर्यतीचे वर्तुळ येई, हा त्या काळचा रिवाजच होता. जालन्याच्या छावणीतही शर्यती होत, आणि मुंबईत छापल्या जाणाऱ्या इंग्रजी क्रीडापत्रांत त्यांची वार्ता येत असे. मुंबई बंदरात उतरलेले अरबी घोडे घेऊन सौदागर घाट चढून येत, लेफ्टनंट-कॅप्टन मंडळी कर्ज काढून ते विकत घेत, आणि थंडीच्या दिवसांत चार सकाळी त्यांच्यावर पैजा लागत. मोतद्दार, चाबूकस्वार, नालबंद, खोगीर शिवणारे मोची, गवत व हरभरा पुरविणारे बनिये अशी एक लहानशी वस्ती त्या चार सकाळींच्या आधाराने वर्ष काढी. शतक पालटताना गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच, १९०३ साली, छावणी मोडली. साहेब गेला तशी त्याची शर्यतही गेली, आणि तिच्यामागे शोक करणारे कोणी राहिले असेल तर ते नालबंदच.

मात्र एवढे लक्षात घेतले पाहिजे की श्रीमंतांची शर्यत सहसा मरत नाही, ती स्थलांतर करते. मुंबईची शर्यत भायखळ्याच्या मैदानावरून उठली ती १८८३ साली महालक्ष्मीच्या प्रशस्त आवारात जाऊन बसली. हैदराबादेत मौला अलीचे मैदान ओसाड झाले ते सहाव्या निजामाने १८८६ साली शर्यती मलकपेठेत आणल्या म्हणून. भायखळ्याला आणि मौला अलीला आपला दिवस गमवावा लागला, हे खरे. पण घोडे, मालक, पैजा व पंच यांचा सारा संसार जसाच्या तसा नव्या पत्त्यावर पोहोचला. पुण्यात लष्कर राहिले म्हणून लष्कराच्या जमिनीवरील मैदानही राहिले, आणि पावसाळा आला की मुंबईचे घोडे आजही तेथे जातात. मैदान बदलते, दिवस कायम राहतो, अशी ही व्यवस्था आहे. तो बहुमान खेड्यातील बैलांच्या शर्यतीला मिळाला नाही. तिचा दिवस गेला तो कोठेही न जाता गेला.

बैलांविषयी बोलताना जालना जिल्ह्यातील माणसाने असईचे स्मरण करणे प्राप्त आहे. असई आज याच जिल्ह्यात आहे, आणि तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्लीची जी लढाई झाली, तिच्यात शौर्याचा वाटा कोणाचा किती यावर वाद घालणारे घालोत. पण वेलस्ली जेथे पोहोचेल असे कोणाच्या स्वप्नातही नसे, तेथे तो वेळेपूर्वी पोहोचे, याचे पुष्कळसे श्रेय म्हैसुराच्या बैलांना आहे. टिपूने ज्याला अमृतमहाल हे नाव दिले त्या सरकारी गोधनखात्यातील हे बैल, ज्यांच्या पायांची चपळाई व दमसास पाहून इंग्रज सेनापती चकित होत, तोफा ओढीत घोडदळाच्या बरोबरीने मजल मारीत. असईच्या रणात मराठ्यांच्या तोफखान्याने प्रथम त्यांचाच संहार केला, इतका की वेलस्लीला आपल्या तोफा मागे टाकून पायदळ पुढे घालावे लागले. आपल्याकडील खिल्लार जातीचे नाते पशुवैद्यकशास्त्रातील जाणकार याच म्हैसुरी गोत्राशी जोडतात. बैल हा मुळात पळणारा प्राणीच नव्हे, असा जो सिद्धान्त पुढे दिल्लीच्या न्यायासनासमोर मांडला गेला व मान्यही झाला, त्याची सुनावणी असईच्या माळावर झाली असती तर निकाल काय लागता, असा एक खट्याळ विचार मनात आल्यावाचून राहत नाही. अर्थात तोफेला जुंपून लढाईत मारणे हे शर्यतीत पळविण्यापेक्षा दयेचे कृत्य होते, असेही कोणी म्हणणार नाही.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचे रूप मुलखागणिक पालटते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांत ती चढाच्या वाटेवर होते. त्या वाटेला घाट म्हणतात, एका धावेला बारी म्हणतात, आणि चार बैलांच्या पुढे घोडी पळते. निमगाव दावडीच्या खंडोबाचा घाट या बाबतीत पंचक्रोशीबाहेरही ख्यात आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत सपाट मैदानावर अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात, आणि अलिबागेकडे ओहोटीच्या वाळूवर. आमच्या मराठवाड्यात आणि पलीकडे बुलढाण्यापासून नागपुराकडील मुलखापर्यंत जी शर्यत आहे, तिला शंकरपट म्हणतात, आणि बोलताना नुसते पट. एक जोडी, तिच्यामागे कवडीचेही ओझे नको म्हणून शक्य तितका हलका केलेला छकडा, त्यावर पाय रोवून ओणवा झालेला धुरकरी, आणि सरळ आखलेली धाव. एवढेच तिचे साहित्य. पूर्वी समोरासमोरच्या जोड्यांत पुढे कोण, यावर निकाल लागे. पुढे घड्याळ आले, आणि सेकंदाच्या लहानशा अंशावरून पंचांशी हुज्जत घालण्याची सोय झाली. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपटाचा लौकिक सर्वांत मोठा. तेथे जोडी घेऊन जाणे हे ज्याच्या घरी पटाचा बैल आहे अशा प्रत्येकाचे वर्षभराचे ध्येय असे, आणि तेथे स्त्रियाही छकडा हाकतात हे ऐकून ज्यांच्या भुवया उंचावत, त्यांच्या त्या पुढे वर्षानुवर्षे उंचावलेल्याच राहिल्या.

पटाचा हंगाम संक्रांतीपासून पुढे. खरीप घरात आलेले, रब्बी काढणीला टेकलेले, विहिरीला पाणी अजून शिल्लक, काळी जमीन टणक झालेली, आणि बैलांना नांगराचे काम नाही. कृषिजीवनात जी थोडीशी उसंत निसर्गानेच लिहून ठेवली आहे, तिच्यात हा दिवस बसतो. गावदेवाची जत्रा आणि पट यांची सांगड आहे ती यामुळेच. जत्रा म्हणजे केवळ नवस फेडणे नव्हे. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावयांचे मानपान होतात, सोयरिकी जुळतात, उसनवारीचे व्यवहार मिटतात किंवा नव्याने सुरू होतात, आणि ज्याच्याशी वर्षभर बांधाचे भांडण असते तोही त्या दिवशी आपल्या जोडीला खांदा द्यायला धावतो. देवासाठी माणूस सकाळी येतो आणि दुपारी परत जातो. पटासाठी आलेला माणूस अंतिम फेरी होईपर्यंत हलत नाही, आणि त्या मुक्कामावरच जत्रेचे अर्थकारण उभे असते.

हे अर्थकारण कागदावर कधीच मांडले गेले नाही, कारण त्याचा महसूल कोणत्याही खजिन्यात जात नसे. जोडी नोंदविण्याची फी आणि घरटी वर्गणी यांतून बक्षिसे निघत. शिल्लक उरली तर मंदिराचा ओटा, चावडीची कौले, शाळेची घंटा अशी कामे होत. भजी-जिलबीच्या कढया, गोडीशेव व रेवड्यांच्या पाट्या, पाळणे, बांगड्यांची दुकाने, रात्रीला तमाशाचा फड आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या, हे सारे त्या गर्दीच्या मागोमाग येई. वेसण, कासरा, म्होरकी, घुंगरमाळा, गोंडे आणि झुली विकणारे तर एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत असे मजल दरमजल करीत हंगाम संपवीत. त्यांच्याही मागे, दृष्टीआड, दुसरी साखळी होती: हलका पण न मोडणारा छकडा घडविणारा सुतार, त्याच्या चाकावर धाव चढविणारा लोहार, वासराच्या पाठीवरून हात फिरवून तीन वर्षांनी ते कसे पळेल हे सांगणारा पारखी, आणि बैलाला पहाटे चालविणारा, पोहविणारा, दूध, खारीक, सरकी व भरड यांचे प्रमाण राखणारा घरातला एखादा मुलगा, ज्याचे शाळेत लक्ष नाही अशी तक्रार दरवर्षी होई. खरसुंडी, पुसेगाव, माळेगाव यांसारख्या जत्रांतील गुरांच्या बाजारात गोऱ्ह्याची किंमत ठरे ती तो नांगराला किती ओढील यावरून थोडी, आणि तो पळेल काय या शक्यतेवरून पुष्कळ. ट्रॅक्टर आल्यानंतर तर ही शक्यता हीच देशी गोऱ्ह्याच्या किंमतीची मुख्य बाब उरली. हा मुद्दा पुढील कथेला महत्त्वाचा आहे.

आता दुसरी बाजू. पटाचे गुणगान करणारे जे लिहितात त्यांत पराणीच्या टोकाला बसविलेल्या खिळ्याचा उल्लेख सहसा नसतो. पण तो खिळा होता. शेपट्या पिरगळल्या जात, चावल्या जात. धावेपूर्वी बैलाला दारू पाजण्याचे प्रकार होत. आणि बॅटरीचा शॉक देण्याची अलीकडची विद्याही काहींनी आत्मसात केली होती. पाय मोडलेल्या बैलाचे पुढे काय होई, हे त्याच्या मालकाला कोणी विचारीत नसे. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावून पुरणपोळीचा घास द्यायचा, त्यालाच माघात रक्तबंबाळ करायचे, यातील विसंगती गावातील शहाण्यांना कळत नव्हती असे नाही. पण बक्षिसाची रक्कम वाढत गेली तशी ती बोलून दाखविणाऱ्यांची संख्या घटत गेली. प्राणिमित्रांनी न्यायालयाची पायरी चढली ती काही शहरी लहरीखातर नव्हे. गावाने जे स्वतः आवरले नाही, ते आवरण्यास बाहेरचा हात पुढे आला, इतकेच.

तो हात पुढे कसा आला, याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० सालचा. त्याच्या २२व्या कलमान्वये ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह असे मानकरी होते. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या यादीत बैल घातला, आणि सिंहाच्या पंक्तीत बसण्याचा हा मान आपल्याला मिळाला, याची खबर गोठ्यात पोहोचण्यापूर्वीच राज्य सरकारने २४ ऑगस्ट रोजी शर्यतींवर बंदी जाहीर केली. १२ मार्च २०१२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्राच्या बैलगाड्यांचाही निकाल ७ मे २०१४ रोजी लागला: दोन्ही निषिद्ध. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून वाट मोकळी केली, तर पाचच दिवसांत न्यायालयाने ती स्थगित केली. २०१७च्या जानेवारीत मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर तमिळ तरुणांचा जो समुद्र लोटला, त्याने तेथील सरकारला कायदाच बदलावयास लावले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तसाच दुरुस्ती कायदा केला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा अंमल रोखला. २०१८च्या फेब्रुवारीत सारा वाद पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपविला गेला. तमिळनाडूत जल्लिकट्टू आणि कर्नाटकात रेड्यांची कंबाला चालू, आणि महाराष्ट्रात मात्र मनाई, अशी चमत्कारिक स्थिती राहिली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी देईपर्यंत. शेवटी १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले.

२०१४च्या निकालापासून या अंतरिम परवानगीपर्यंत साडेसात वर्षे झाली. न्यायालयाच्या दृष्टीने हा काळ काही फार नव्हे. पण बैलाचे पळण्याचे वय चारपाच वर्षांचे, म्हणजे या अवधीत बैलांची एक संपूर्ण पिढी धावेवर पाऊल न टाकता म्हातारी झाली. मालकांची अडचण सोपी होती: न पळणाऱ्या बैलाला पळणाऱ्या बैलाचा खुराक किती दिवस घालायचा? ज्यांना परवडले त्यांनी आशेवर घातला. ज्यांना परवडले नाही त्यांनी बैल विकले, आणि २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदी लागू झाल्यामुळे विकायला गेलेल्याला गिऱ्हाईकही पूर्वीसारखे मिळेना. बाजारात गोऱ्ह्याचे मोल उतरले. खोंड जन्मला तर पूर्वी ज्या घरात पेढे वाटले जात, तेथे कालवडीचीच वाट पाहिली जाऊ लागली, आणि तीही देशी नव्हे, संकरित. देशी गोवंशाच्या रक्षणासाठी सरकारी खाती योजना आखीत असता, त्या वंशाला बाजारात जी एक किंमत उरली होती ती दुसऱ्या हाताने काढून घेतली जात होती. प्राण्याला क्रूरतेतून सोडविताना त्याच्या जन्माचे कारणच कमी होईल, हा पेच मनाई करणाऱ्यांनी पुरता ध्यानात घेतला नाही, असे माझे मत आहे. आणि तो पेच पुढे करून खिळ्याचे समर्थन करणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

मैदानांचे काय झाले? बहुतेकांचे काहीच झाले नाही; आणि तेच खरे नुकसान. जत्रा भरत राहिल्या, पालख्या निघत राहिल्या, पण देवदर्शन घेऊन माणसे दुपारी परतू लागली. पाळणेवाला एक वर्ष आला, दुसऱ्या वर्षी दूरच्या मोठ्या यात्रेला गेला. तमाशाच्या फडांना कोरोनाच्या टाळेबंदीपूर्वीच जी ओहोटी लागली, तिला करमणुकीच्या नव्या साधनांबरोबर हेही एक कारण होते. पटाच्या धावेवर कोणी कापूस लावला, कोणी विहीर खणली, कोणी हक्काच्या नोंदी पाहून बांध घातला. कोठे कोठे चोरून शर्यती झाल्या. पहाटे, अंधुक उजेडात, फोनवरून फोन करून जमलेल्या माणसांसमोर. त्यांत पंच नसे, पशुवैद्य नसे, आणि पकडले जाण्याच्या धास्तीने सगळेच घाईत, त्यामुळे बैलाचे हाल पूर्वीहून अधिक. मनाईने खिळा नाहीसा झाला नाही. तो पाहणारे डोळे मात्र कमी झाले.

मैदान जमिनीवर नसते याचा सर्वांत नाट्यमय दाखला २०२१च्या ऑगस्टात सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात मिळाला. विधानपरिषदेचे तेव्हाचे सदस्य गोपीचंद पडळकर यांनी मनाई झुगारून झरे येथे शर्यत भरविण्याचे जाहीर केले. प्रशासनाने संचारबंदी लावली, पोलिसांचा बंदोबस्त बसविला, आणि यंत्रे आणून तयार केलेले मैदानच उखडून टाकले. उखडलेल्या मैदानाभोवती पहारा चोख होता. शर्यत मात्र २० ऑगस्टच्या पहाटे वाक्षेवाडीच्या पठारावर झाली. दिवस ठरलेला होता, माणसे ठरलेली होती. माळ कोणताही चालला. या प्रकाराचे राजकीय मोल कोणी कसेही करो, शर्यतीच्या स्वरूपाविषयी त्याने जे दाखविले ते कोणत्याही प्रबंधाने दाखविले नसते.

मग परवानगी आली, आणि पुनरागमनाचा जो थाट झाला तो पाहून जुन्या पटकऱ्यांचे डोळे दिपले, कित्येकांचे पाणावले, आणि थोड्यांच्या मनात शंकाही आली. २०२२च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखली-जाधववाडी येथे जी शर्यत झाली, तिच्यात पहिल्या क्रमांकाला माती उकरण्याचे जेसीबी यंत्र होते. त्याखालच्या बक्षिसांत मोटारी आणि दुचाकी होत्या. पूर्वी फेटा, ढाल किंवा पितळी भांडे जिंकून गावात मिरवणूक काढणारे लोक आता ट्रॅक्टर-मोटारींच्या रांगा पाहू लागले. आमदार, खासदार, भावी आमदार यांची छायाचित्रे असलेल्या फलकांनी धावेच्या दोन्ही बाजू झाकल्या गेल्या. मैदानाचे थेट प्रक्षेपण घरोघरच्या फोनांवर दिसू लागले. आणि नावाजलेल्या बैलांच्या किमती लाखांत बोलल्या जाऊ लागल्या. मराठवाड्यातही राज्यस्तरीय, भव्य, ऐतिहासिक अशी विशेषणे लावून शंकरपट भरू लागले, ज्यांचा मुहूर्त कोणत्या देवाच्या तिथीवर नसून कोणत्या नेत्याच्या वाढदिवसावर आहे, हे पत्रिका वाचल्यावर कळते.

येथे माझ्या मुख्य म्हणण्यापाशी मी येतो. साडेसात वर्षांत जे हरपले ते मोठ्या मैदानांनी परत मिळविले, लहानांनी नाही. आणि हे दुर्दैवाने घडले नाही, नियमांच्या रचनेनेच घडले. नव्या नियमांनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धाव १,००० मीटरांहून लांब नको, काठी-चाबूक-पराणी आणि विजेचे उपकरण वर्ज्य, प्रत्येक बैलाला पशुवैद्याचा दाखला, आणि आयोजकाने ५०,००० रुपयांची अनामत भरावयाची. नियमभंगाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. यांतील एकही अट मला गैर वाटत नाही. उलट पराणीविषयीची अट पन्नास वर्षांपूर्वीच यायला हवी होती. पण ज्याच्या बक्षिसात मोटारी आहेत, त्या आयोजकाला ५०,००० रुपये मंडपाच्या खर्चातही दिसत नाहीत, आणि जिल्ह्याच्या कचेरीत त्याच्या अर्जाला वाट आपोआप मिळते. जांब किंवा राजूर यांच्या वाटेवरील एखाद्या दोनशे उंबऱ्यांच्या गावाला, जेथे घरटी वर्गणीतून पहिले बक्षीस काही हजारांचे निघते, तीच अनामत वर्षाच्या वर्गणीहून जड. शिवाय अर्ज, नकाशा, हमीपत्र, दाखले घेऊन तालुक्याला आणि जिल्ह्याला हेलपाटे घालणारा, सही करून फौजदारी जबाबदारी आपल्या शिरावर घेणारा माणूस तेथे कोण? जुन्या काळी पाटील ती घेत असे, कारण पाटीलकीच त्यासाठी होती. आजच्या जत्रा कमिटीच्या अध्यक्षाला कैदेचे कलम वाचून दाखविले की तो नम्रपणे कुस्त्या ठेवू असे म्हणतो. परिणामी बैलवाला आपली जोडी टेम्पोत घालून दूरच्या मोठ्या मैदानावर नेतो, पहिल्या फेरीत हरतो, आणि डिझेलचा हिशेब करीत रात्री परततो. ज्या माळावर त्याच्या आज्याने चार गावांसमोर निशाण मारले, तो माळ रिकामाच राहतो. श्रीमंतांची शर्यत स्थलांतर करते असे मी वर म्हटले. आता गरिबांच्या शर्यतीनेही स्थलांतर केले आहे, पण पोहोचली ती श्रीमंतांच्या पत्त्यावर.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्यासाठी पुन्हा दिल्लीस जाण्याचेही कारण नाही, कारण नियम राज्याचे आहेत व राज्यच ते दुरुस्त करू शकते. अनामत ही बक्षिसांच्या एकूण रकमेच्या प्रमाणात ठेवावी, म्हणजे जेथे जेसीबी आहे तेथे लाखो आणि जेथे पितळी घागर आहे तेथे शेकडो. ज्या पटात केवळ एका तालुक्यातील जोड्या पळणार, त्याची परवानगी तहसीलदाराने द्यावी, आणि तालुक्याच्या पशुवैद्याला त्या दिवशी हजर राहण्याचा हुकूम त्याच कागदावर व्हावा. क्रूरतेविरुद्धच्या अटींत मात्र तसूभरही सूट नसावी. लहान गावात सर्व जण सर्वांना ओळखतात, तेथे खिळा लपविणे मोठ्या मैदानापेक्षा कठीण जाते. मस्तगडाच्या शहरापासून असईपर्यंतच्या पट्ट्यात अशा किती गावांनी आपला पट २०११ पूर्वी भरविला होता, याची यादी ग्रामपंचायतींच्या जुन्या ठराव-वह्यांत आणि जत्रा कमिट्यांच्या वर्गणीपुस्तकांत आजही सापडेल. ती पुस्तके वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी तहसीलने मागवून घ्यावीत.